दातांसाठी कापलेली काकडी

कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर, झेरॉक्सचं दुकान आणि सायकली दुरुस्त करणाऱ्याची टपरी यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेलं एक सुशीचं दुकान आहे. आत चार टेबलं आणि एक लांब लाकडी कट्टा. कट्ट्याच्या अलीकडे सहा उंच स्टुलं, पलीकडे मालकीण. तिला सगळे ताई म्हणतात, अगदी प्रिन्सिपॉलसुद्धा. मुलं ताटली येईपर्यंत एकमेकांची जर्नलं उतरवून काढतात आणि ताटली आल्यावरही एका हाताने लिहीतच असतात. त्यामुळे पुष्कळ जर्नलांवर सोया सॉसचे तपकिरी डाग असतात. ब्लेडकाका ते डाग दहा-बारा वर्षं बघत आले होते. ते पडतात कुठे, हे मात्र त्यांनी कधी जाऊन बघितलं नव्हतं. त्यांचा आपला डबा असायचा.

ब्लेडकाका म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे काप कापणं हे त्यांचं काम. खोड द्या, मूळ द्या, देठ द्या. डाव्या हाताच्या चिमटीत ते उभं धरायचं, उजव्या हातातला वस्तरा पाण्यात बुडवून अलगद स्वतःकडे ओढायचा, की पात्यावर काप नाही, कापाची नुसती सावली पडायची. असे चाळीस काप काचेच्या उथळ वाटीत पाण्यावर सोडायचे, त्यातला एकच, सगळीकडून सारखा, बारीक ब्रशने उचलून काचपट्टीवर ठेवायचा. बाकीचे एकोणचाळीस मोरीत. नवे प्राध्यापक प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी इकडेतिकडे बघत हळूच काकांच्या टेबलापाशी यायचे आणि म्हणायचे, "काका, उद्या मला चारचौघांत दाखवायचंय, जरा हात बघू तुमचा कसा वळतो."

मग विभागात मोठे पडदे आले, तयार काचपट्ट्यांच्या पेट्या आल्या, आणि काकांच्या निवृत्तीची तारीखही आली. निरोपाच्या भाषणात विभागप्रमुख बाईंनी काकांच्या हाताचं इतकं कौतुक केलं, की हात इथेच ठेवून जायचा की काय असं काकांना वाटायला लागलं. शेवटी वस्तरा त्यांनाच भेट दिला. "आता तो इथे कुणाला लागणार?" बाई प्रेमानेच म्हणाल्या. भेट गोड होती, पण ते शेवटचं वाक्य काकांना सलत राहिलं ते राहिलंच. चष्म्याच्या जुन्या घरात तो वस्तरा घालून ते खिशात बाळगू लागले. एवढं चांगलं येणारं काम, आणि ते जगात कुणालाच नको, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

घरी हात शिवशिवायचे. ते ओट्यापाशी उभे राहून कांदा कापू लागले. कांदा असा की तेलात पडला की नाहीसा. टोमॅटोच्या कापातून पलीकडचं कॅलेंडर वाचता यायचं. पहिला आठवडा काकूंनी शेजारणींना बोलावून बोलावून दाखवलं. पाचव्या महिन्यात त्यांच्या नाकी नऊ आले.

"अहो, भाजीत कांदा घातलाय हे खाणाऱ्याला तरी कळू दे," त्या म्हणाल्या. "दुपारी एक वाजता जेवायचं तर तुमचा बटाटा सकाळी सातला हातात घ्यावा लागतो. उद्यापासून ओट्याजवळ यायचं नाही."

काका बाल्कनीत बसून कातडी पट्ट्यावर वस्तरा परजत राहिले. कापायला समोर काही नव्हतं. ते काकूंना बघवेना, पण शब्द मागे घेणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. त्यांनी दुसरीच वाट काढली. "येत्या गुरुवारी लग्नाला सदतीस वर्षं होतायत," त्या म्हणाल्या. "मला बाहेर जेवायला न्या. तुमच्या कॉलेजमागे ते सुशीचं आहे ना, तिथे. भाची सांगत होती, तिथे काकडीची गुंडाळी मिळते. मासा नाही, ते काळं शेवाळ नाही, नुसती काकडी आणि भात. मला तीच खायचीये."

गुरुवारी दुपारी साडेबाराला दोघं तिथे पोचली. परीक्षा नुकती संपलेली, टेबलं मुलांनी भरलेली. काकू थेट कट्ट्याकडे गेल्या. "इथे बसू. कसं करतात ते दिसतं." उंच स्टुलावर चढताना काकांनी हात दिला, तर म्हणाल्या, "मला नको, स्वतःला सांभाळा." समोर गुलाबी आल्याचे काप आले, आणि हिरव्या चटणीचा लहानसा गोळा. काकूंनी तो अख्खा तोंडात टाकला. नाकातून जाळ निघाला, डोळे भरले, पण तोंडावर सुरकुती नाही.

"कसं आहे?" काकांनी विचारलं.

"बरं आहे. तुम्हीही घ्या ना."

सदतीस वर्षांत काका तेवढं शिकले होते. त्यांनी घेतलं नाही.

तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या फळ्याकडे गेली. खडूने लिहिलं होतं, काकडीची गुंडाळी आज नाही.

"अंगठा कापलाय हो," ताईंनी पट्टी बांधलेला हात वर केला. "भात वळता येतो, मासा कापता येतो. पण त्या गुंडाळीसाठी काकडी फिरवत फिरवत सोलत न्यावी लागते, कापडाचं ठाण उलगडतात ना, तशी. एकसंध, हातभर लांब. अंगठ्यावाचून नाही जमत. दुसरं काही देऊ का, काकू?"

"चालेल की. द्या काहीही," काकू म्हणाल्या आणि आल्याचा काप उगाचच नीट ठेवू लागल्या. काकांनी ते पाहिलं. खिशातल्या चष्म्याच्या घरावर त्यांचा हात गेला आणि परत आला. परक्याच्या स्वयंपाकघरात कसं शिरायचं?

पलीकडच्या स्टुलावर एक चष्मेवाली मुलगी जर्नल मिटून खात बसली होती. ती म्हणाली, "ताई, तुमच्यासमोर कोण बसलंय माहितीये का? हे आमचे ब्लेडकाका. यांच्या एका कापावर आमचा अख्खा वर्ग पास झालाय."

"एका नाही," काका संकोचून म्हणाले. "प्रत्येकाला वेगळा दिला होता."

ताईंनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात भेंडी मोडून बघतात तसं. मग कट्ट्याची फळी उचलली. "या आत. हात कोपरापर्यंत धुवा."

काकांनी हात धुतले. वस्तरा उकळत्या पाण्यात बुडवून काढला. काकडी चिमटीत उभी धरली आणि पातं अलगद स्वतःकडे ओढलं. मुलं माना उंचावून बघू लागली. सपसप सपसप, पाण्याच्या वाडग्यात हिरव्या कडेच्या चकत्या तरंगायला लागल्या. चाळीस झाल्यावर काकांनी एक काडी घेतली, वाकून बराच वेळ पाहिलं, एक चकती उचलून ताटलीच्या बरोबर मधोमध ठेवली, आणि वाडगा उचलून मोरीत रिकामा केला.

मुलांच्या माना मोरीकडे वळल्या.

"काका," ताई हळूच म्हणाल्या, "बाकीची काकडी?"

"त्या तिरक्या गेल्या होत्या."

"मग काकूंनी ही एक चकती खायची का?"

चष्मेवालीने तोंडावर रुमाल धरला. काकूंनी धरला नाही, त्या सरळ हसल्या. काकांचे कान लाल झाले. तीस वर्षं हात ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने आजही गेला होता. त्यांनी दुसरी काकडी मागितली. ताईंनी नुसत्या हाताने हवेत दाखवलं, काकडी कशी फिरवायची, पातं कसं जागेवर ठेवायचं. काकांनी दोनदा बघितलं. आता पातं थांबलं आणि काकडी चालू लागली. हिरवट पांढरा पट्टा न तुटता खाली उतरत गेला, फळीवरून घसरून त्याने वळण घेतलं. ताईंनी तो उचलून फळ्यासमोर धरला. पलीकडची सगळी अक्षरं वाचता येत होती.

मुलांनी टेबलं वाजवली. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ताईंनी व्हिनेगर लावलेला कोमट भात त्यावर पसरला, बांबूच्या लहान चटईने गुंडाळी वळली आणि सहा तुकडे करून काकूंपुढे ठेवले. काकूंनी एक तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"भात छान आहे," त्या म्हणाल्या. "काकडी कुठेय?"

काकांनी ताटलीवर वाकून तुकड्यांमधला हिरवा पट्टा शोधला.

"काकूंचं बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "हात तुमचा अजब आहे, काका, माझा तरी असा नाही. पण हे डोळ्यांसाठी कापलंत तुम्ही. इथे दातांसाठी कापायचं."

काकांनी वस्तरा खाली ठेवला. जाड काप म्हणजे वाया गेलेला काप, हे त्यांच्या हाताला इतकं पक्कं ठाऊक होतं की मुद्दाम जाड कापायचं म्हणजे मुद्दाम चुकायचं. घरच्या ओट्यावरून उठवलं तेच इथेही झालं, असं त्यांना वाटलं. ते हात पुसायला लागले.

"अहो," कट्ट्यापलीकडून काकू म्हणाल्या. "चाललात कुठे? मला भूक लागलीये."

"जमत नाही मला हे दातांचं."

"कांद्याच्या वेळी मी गप्प बसले ती माझी चूक झाली. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता सांगते. कापा."

काकांनी तिसरी काकडी घेतली. पातं लावलं.

"अजून जाड," काकू म्हणाल्या.

पातं किंचित हललं.

"अजून."

"अगं, हे खोडाच्या सालीएवढं होईल."

"होऊ दे. तुम्ही पात्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा."

काका बघू लागले. पट्टा उतरत होता, आणि या खेपेला फिरताना बोटांना त्याचा बारीकसा प्रतिकार जाणवत होता. त्या जाडीला काकूंनी मान डोलावली, आणि तिथेच काकांच्या बोटांनी ती जाडी लक्षात ठेवली. शेवटपर्यंत तीच. कुठे केसभर कमी नाही, जास्त नाही. ताईंनी गुंडाळी वळली. काकूंनी तुकडा तोंडात टाकला आणि कर्रकन आवाज आला. मागच्या टेबलावरच्या मुलांनाही ऐकू आला.

काकूंनी ताटली हाताशी ओढून दुसरा घेतला, तिसरा घेतला. चौथ्याला थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही उभे का? एक खाऊन बघा. नाही तर उरणार नाहीत."

काकांनी खाल्ला. आपणच कापलेली वस्तू त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दाताने तपासली.

चष्मेवालीने बोट वर केलं. "एक मलाही." मग टेबलांवरून, "आम्हाला दोन." "इथे तीन." ताईंनी न विचारता काकडीची टोपली काकांकडे सरकवली, आणि चांगल्या हाताने फळ्यावरचे शेवटचे दोन शब्द पुसून टाकले.

अडीच वाजता गर्दी ओसरली. काकू उंच स्टुलावर अजून बसूनच होत्या, चष्मेवालीचं जर्नल चाळत. ताई चहा घेऊन आल्या. "अंगठा बरा व्हायला पंधरा दिवस लागतील," त्या म्हणाल्या. "रोज अकराला याल का, काका?"

"आणि बरा झाल्यावर?" काकांनी विचारलं. एवढं थेट त्यांनी आयुष्यात कधी कुणाला विचारलं नव्हतं.

ताई हसल्या. "तुमच्या हातची गुंडाळी खाल्ल्यावर माझ्या हातची कोण मागणार? पण एक अट आहे. मोरीत काही टाकायचं नाही."

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"जा की," काकू म्हणाल्या. "अकरा ते अडीच ओटा माझा. पण संध्याकाळचा कांदा तुम्हीच कापायचा. जाडी मी सांगेन."

त्याला आता दोन वर्षं होत आली. ताईंचा अंगठा केव्हाच बरा झाला. काका रोज अकराला येतात, वस्तरा उकळत्या पाण्यातून काढतात आणि दिवसाच्या पहिल्या काकडीची एक चकती कापतात, जुन्या पद्धतीची, सावलीसारखी. ती पाण्यावर सोडतात, काडीने उचलून उजेडात धरतात आणि काकडीच्या पोटातली बियांची तीन घरं बघून घेतात. मग इकडेतिकडे बघत पटकन तोंडात टाकतात. ताईंना हे दिसतं. त्या तेवढ्यापुरता भात ढवळायला पाठ फिरवतात.