आडव्या पट्टीवरचं लाल निशाण

"दुसरं कुठं हाय?"

विमानाचा आवाज आला की सगळे विमानाकडे बघत. तो माणूस मात्र उलट दिशेला बघून हे विचारी. नवघरच्या बोळात सायकल आली तरी आधी दुसऱ्या टोकाला मान वळवी. तुम्हीही हसला असता, आम्ही हसायचो.

सत्तरच्या आसपास मी मुंबईतल्या एका फ्लाइंग क्लबात टायपिस्ट होतो आणि आमच्याच आळीतले हे काका तिथे निशाणवाले. क्लबाच्या दोन धावपट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदत. विमानं छोटी, रेडिओ नाही. फुलीजवळ काका उभे राहत. एका पट्टीला हिरवं निशाण, तर दुसरीला लाल.

"काका, घरीही लाल दाखवता का?"

"घरी निशाण तिच्या हातात हाय."

कमिटीतल्या एका साहेबाला आडवी पट्टी लाडकी. ती क्लबाच्या व्हरांड्यापाशी संपे, उतरल्यावर चालावं लागत नसे. लाल दिसलं तरी तो उतरायचा.

"मी कमिटीवर आहे," तो काकांना म्हणाला.

"विमानाला ठाऊक न्हाय, साहेब."

एका दुपारी हिरवं बघून एक शिकाऊ वैमानिक सरळ पट्टीवर धावत सुटला. साहेब लालवरून आडवा उतरला. काका दोन्ही निशाणं हलवत मध्ये धावले, पण उशीर झाला; दोन्ही विमानं फुलीवर आदळली. साहेबाला ओरखडा नाही. शिकाऊचा पाय मोडला.

इस्पितळात शिकाऊने जबाब दिला : साहेबांना लाल होतं. मीच टाइप केला. चार दिवसांनी कमिटीने दुसरा जबाब टाइप करायला लावला : निशाण कोणतं होतं, आठवत नाही. त्याने सही केली. चौकशीचा निष्कर्षही मीच टाइप केला : दोन्ही निशाणं हिरवी होती. हे माझ्या बोटांनी लिहिलं, हे मी लपवणार नाही. काकांना काढलं. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. पहिल्या जबाबाची कार्बन प्रत खिशात होती.

"काका, पत्रक छापतो. साहेबाला तोंड दाखवायला जागा ठेवत नाही."

"थांब. कमिटी पोराचं लायसन अडवंल. तो बोलंल आपनहून."

काका मिठागरात राबू लागले. 'दोन्ही हातांत हिरवं' म्हणून लोक चिडवत. ते एकच म्हणत, "लाल व्हतं. हात माझा व्हता." शिकाऊला लायसन मिळालं. तो आला नाही. दीड वर्षाने काका तापाने गेले.

दहाव्याच्या दिवशी तो लंगडत दारात आला.

"लाल होतं," तो काकूंना म्हणाला. "मला आठवतंय."

मी कार्बन प्रत पुढे धरली. "मग खाली एवढंच लिहा आणि सही करा."

त्याने कागद वाचला. घडी घालून परत दिला. "पुढच्या महिन्यात मोठ्या कंपनीत मुलाखत आहे. त्यानंतर नक्की."

मी त्याची कॉलर धरणार होतो. काकूंनी माझा हात बाजूला केला. शांतपणे त्याच्या चपला उचलल्या आणि उंबऱ्याबाहेर ठेवल्या.

"आमचा मानूस तुझ्यासाठी थांबला," त्या म्हणाल्या. "मी न्हाय थांबनार."

मग माझ्याकडे वळल्या.

"छाप रं. दोघांचीबी नावं घाल."