साहेबांचा दुसरा चेंडू

पलटणी निघून गेल्यावर जालन्याच्या जुन्या छावणीचं मैदान गुरांनाच मोकळं झालं होतं. तिथं गोल्फ खेळणारे उरले होते एकटे आमचे साहेब. निजाम सरकारच्या तामीरात खात्यात, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या खात्यात, ते मोठे अधिकारी होते आणि मी त्यांच्या हाताखालचा ओव्हरसियर. एका संध्याकाळी कामाचं काही विचारायला मी मैदानावर गेलो, तर साहेब एकटेच दोन चेंडू मारत होते. आधी एक, मग जरा बाजूला सरकून दुसरा.

मी बघतोय म्हटल्यावर त्यांनीच सांगितलं, "ये मेरा. वो डॉक्टर का."

इस्पितळातला गोरा डॉक्टर वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर खेळला होता. तो विलायतेला परत गेला, तरी साहेब त्याचा चेंडू त्याच्या वतीनं मारत राहिले. कधी कधी डॉक्टर जिंकायचा आणि साहेबांना त्याचा मनापासून राग यायचा.

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. साहेबांची बेगम वारलेली, मुलगी हैदराबादेत आपल्या संसारात. पेन्शनीवर जायला थोडेच महिने राहिले होते. "जाने के पहले एक बाजी आदमी के साथ खेलनी है," ते म्हणाले. जालन्यात या खेळासाठी दुसरा माणूस मिळणार कुठून? मग मीच सापडलो.

पहिल्या दिवशी चेंडू जागच्या जागी राहिला आणि काठी उडून बाभळीत अडकली. साहेब खाली बसून हसले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा मात्र हसले नाहीत. मी आष्टीकडचा. सगळं लहानपण ज्वारीच्या रानात, माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकण्यात गेलेलं. गोफण गरगर फिरवायची आणि ऐन वेळी मूठ सोडून दोरीचं एक टोक मोकळं करायचं, तरच दगड सुटतो. ती सवय हाडात मुरली होती. काठी चेंडूपाशी आली की माझी बोटं आपोआप उघडायची.

"मुठ्ठी नक्को खोलो, मियाँ," साहेब सांगायचे. मी हो म्हणायचो आणि उघडायचो. वर चिडायचोही, चेंडूवर, बाभळीवर, एकदा तर साहेबांवरसुद्धा. साहेब मात्र चिडले नाहीत. त्यांनी आपला रेशमी रुमाल काढला आणि माझे दोन्ही हात काठीला बांधले. चेंडू बाजूला ठेवून नुसतीच काठी फिरवायला लावली, अगदी सावकाश, आपली सावली बघत. दिवसभर ज्यांच्यापुढे मी मान वर करत नव्हतो, ते माझे खांदे धरून मागे उभे राहायचे.

घरी मी अंगणात छत्री फिरवायचो. बायको चुलीपाशी बसून बघायची.

"इथं कुठंय पाखरू? कोणाला हाकून राह्यलेत तुमी?"

मी तिला सगळं सांगितलं. दोन चेंडूंचं ऐकल्यावर तिची चेष्टा थांबली. "मंग जल्दी शिका," ती म्हणाली. पुढं भाकरी थापता थापता तिचं लक्ष माझ्या मुठीवर असायचं. "सुटली," ती तिथूनच म्हणायची, आणि ते बराबर असायचं. हळूहळू तिचं 'सुटली' कमी होत गेलं.

साहेबांच्या बंगल्यात ट्रंका बांधून झाल्या, त्या संध्याकाळी आम्ही बाजी खेळलो. त्यांनी आपला चेंडू मारला आणि सवयीनं दुसऱ्याकडे वळले. मग थबकले आणि मागे सरले. "अब तुम."

मी सपाटून हरलो. एक चेंडू शेणात गेला, एक नाल्यात. पण काठी एकदाही हातातून सुटली नाही, आणि शेवटचा फटका असा बसला की चेंडू साहेबांच्या चेंडूच्याही पुढं जाऊन पडला. साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"डॉक्टर इतना बुरा नहीं खेलता था," ते म्हणाले.

ते हैदराबादेला गेले. जाताना एक काठी आणि थोडे चेंडू मला देऊन गेले. पुढं एका संध्याकाळी बायकोला घेऊन मी मैदानावर गेलो. एक चेंडू मारला, तो धड गेला नाही. मग खिशातून दुसरा काढून शेजारी ठेवला.

"ह्यो कोणाचा?" तिनं विचारलं.

"साहेबांचा."

तिनं पदर सावरला आणि जरा मागे सरून उभी राहिली.

"मंग ह्यो तरी नीट मारा," ती म्हणाली.