काळ्या काचेची जोडी

आदिलाबादेत माझं बैलांच्या साजाचं दुकान आहे. म्होरक्या, झुली, घुंगरमाळा, पोळ्याला गोंडे. ट्रॅक्टर आल्यापासून निम्म्या दुकानात ताडपत्र्या आणि फवारणीचं सामान भरलंय, तरी पाटीवर साजाचंच नाव आहे आणि ते मी पुसणार नाही. असा माणूस चौपन्नाव्या वर्षी पेंटबॉलचं सामान घ्यायला निघाला, तो लेकीपायी.

एकुलती एक लेक. शिकली, हैदराबादेत नोकरीला लागली आणि दर रविवारच्या फोनपुरती उरली. दोन पोळे झाले, घरी आली नव्हती. रजा नाही, काम आहे, पुढच्या महिन्यात नक्की. तिच्या आईला हे पटायचं, मला नाही. शेजारच्या तलमडुगू गावाकडून एखादी पोरगी बापाच्या गाडीवर मागे बसून दुकानात आली, की मी उगाच त्या बापावर खेकसायचो. खरं सांगतो, मला तिची फार आठवण यायची. रविवारी फोन येऊन गेला की उरलेला दिवस खायला उठायचा.

एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, आमी ऑफिसातले सगळे पेंटबॉल खेळून राह्यलो आता. रंगाच्या गोळ्या मारायच्या एकमेकाईवर. तुमी या ना एकदा. दिवसभर संग राहू."

दिवसभर, या एका शब्दावर मी हो म्हणालो. मनाशी ठरवलं, त्या दिवशी तिला समोर बसवून विचारायचं, घरी कधी येतेस म्हणून. फोनवर हा प्रश्न टाळता येतो, तोंडावर टाळता येत नाही.

सामान तिथं भाड्यानं मिळतं, असं ती सांगत होती. पण दहा जणांचा घाम प्यालेला मुखवटा घालून लेकीच्या ऑफिसवाल्यांसमोर उभं राहायला माझं मन घेईना. मी मोबाइलवर बंदुकांचे भाव बघायला लागलो. नाकापेक्षा मोती जड. बायको म्हणाली, "म्हातारचळ लागला तुमाले." शेवटी लेकीनंच समजावलं. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं बंदूक घ्यायचीच नाही, ती भाड्यानं घ्यायची. कपडे जुनेच, पूर्ण बाह्यांचे आणि ढगळ. बूट घसरणार नाहीत असे. "पैसे घालाचे तं फक्त मुखवट्यात घाला, बाबा. डोयाचा सवाल आहे."

बाकीचं मी दुकानातच भागवलं. जोखडानं बैलाची मान सोलू नये म्हणून आम्ही जाड गादी शिवतो. त्याच कापडाच्या आणि त्याच फोमच्या दोन लहान गाद्या शिवून मी गुडघ्यांना बांधून पाहिल्या. झकास बसल्या. मग फवारणीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फोटो काढून तिला पाठवला. मंगळवार होता, ऑफिसची वेळ होती, तरी लगेच तिचा फोन आला.

"काऊन असं करता, बाबा? हा चष्मा औषधाच्या तुषारासाठी आहे. गोळी लागली तं फुटते. डोया जाईन."

मंगळवारी तिचा आवाज ऐकला आणि मला फार बरं वाटलं. म्हणून बुधवारी मुद्दाम हेल्मेट घातलेला फोटो पाठवला. पुन्हा फोन, पुन्हा रागावणं. गुरुवारी वेल्डिंगवाल्याचा पत्रा तोंडासमोर धरला. त्यावर नुसतं "नाही" असं लिहून आलं, तेव्हा मी हा धंदा बंद केला.

हैदराबादच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "अंकल, डबल काँच लीजिए, भाप नहीं जमती. धूप में खेलना है तो काला काँच." भाव परवडणारा होता. एक पाठवू का, असं त्यानं विचारलं आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, दो. आमच्या दुकानात एका बैलाचा साज कधी विकला गेला नाही. एकाला नवी म्होरकी आणि जोडीदाराला जुनी, म्हणजे जोडी फुटते असं मानतात. कुणी एक मागितली, तर माझे वडील दुसरा कुठाय म्हणून विचारायचे आणि दोन बांधून द्यायचे. दुसरा मुखवटा कुणाचा, हे सांगायची गरज नव्हती.

मैदानावर मी पिशवीतून दोन्ही मुखवटे काढले. तिच्याजवळ स्वतःचा होता, पांढऱ्या काचेचा.

"काऊन दोन आणले?"

"एकाचा साज घेत नसतात, बाई."

ती हसली. स्वतःचा बॅगेत टाकला आणि मी आणलेला चढवला. काळ्या काचेमागे तिचं तोंड गेलं ते गेलंच. शिट्टीवाल्यानं तेलुगूत आणि हिंदीत बजावलं होतं, मैदानात असेपर्यंत मुखवटा काढायचा नाही. दोन पोळ्यांनंतर लेक हातभर अंतरावर आली होती आणि मला तिची फक्त हनुवटीची पट्टी दिसत होती. मी मनातल्या मनात त्या दुकानदाराला शिव्या घातल्या. खरं तर चूक माझीच होती.

आम्ही दोघं एका पिंपामागे दबा धरून बसलो. पिंपावर गोळ्या फटफट फुटत होत्या. ती काहीच मारत नव्हती. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "बाबा, कंपनी मले जर्मनीले पाठवून राह्यली. तीन वर्षं. पुढच्या महिन्यात जाणं आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. काळ्या काचेत माझाच मुखवटा दिसला. ती हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता.

"आईले सांगितलं?"

"नाही. अगोदर तुमाले. तोंडाकडे पाहून सांगता आलं नसतं मले."

"जा, बाई," मी म्हणालो. "चांगलं झालं." आवाज बरा निघाला. त्या काचेवर वाफ धरत नाही हे खरं, पण डोळे पुसायला बोट आत जात नाही.

शिट्टी झाली. सगळे बाहेर आले, मुखवटे काढून एकमेकांच्या अंगावरचा रंग दाखवायला लागले. तिनंही काढला. डोळे लाल होते.

"काढा ना आता, बाबा."

"राहू दे जरा," मी म्हणालो.