वयनी आणि माझी पिशवी

उंड्या एकटाच घरी आला तेव्हा मी गॅसपुढे होते. गळ्यातली साखळी फरशीवर वाजली म्हणून वळून बघितलं, तर मागे वयनी नव्हती. उंड्या कधी तिला सोडून यायचा नाही. मी गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही, तशीच पदर खोचून नदीच्या वाटेला धावले. चालायला येणाऱ्या माणसांनी तिला बाकावर निजवलं होतं. कुणीतरी पाणी आणलं होतं, ते तसंच होतं. बाकाखाली माझी पिशवी पडली होती. त्यात दोन मुठी टाकळ्याचा पाला होता...

वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन सावंतवाडीकडून डिचोलीला आले तेव्हा मला चारचौघांत बोलता यायचं नाही. आजही येत नाही. दुकानदारानं दोनदा 'काय पाहिजे' विचारलं की मी तिसरीच वस्तू घेऊन येते. वयनी माझ्या वतीनं बोलायची. तिचे यजमान, भावोजी, तेव्हा लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवायचे, आमच्या घराच्या पायऱ्यासुद्धा खाणीच्या मातीनं लाल असायच्या. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, भावोजी घरी बसले, आणि नदीच्या काठानं सिमेंटच्या ठोकळ्यांची वाट झाली. संध्याकाळी तिथे शिकलेली माणसं बूट घालून हात हलवत चालायची. वयनीला डॉक्टरनी साखरेसाठी चालायला सांगितलं, तशी तीही जाऊ लागली. बूट नव्हते, चप्पल होती. आणि सोबतीला उंड्या. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलमागून पावाच्या वासानं धावत आलेलं ते पिल्लू आमच्या दारात थांबलं ते थांबलंच. उंडा म्हणजे इथला गोल पाव, तसंच गोल आणि तपकिरी होतं, म्हणून वयनीनं नाव ठेवलं उंड्या.

ती रोज मला विचारायची, "येतंस काय गो?"

मी म्हणायची, "माका खंयचो रोग झालो, चलाक?"

आमच्याकडे बाई घराबाहेर पडते ती कामाला, देवाला, नाहीतर डॉक्टरनी सांगितलं म्हणून. उगीच नदीकाठी फिरणारी बाई मी पाहिलेली नव्हती. वयनी हसायची. "मग रोग होयपर्यंत वाट बघतलंस?"

एकदाच गेले तिच्याबरोबर. जाताना हातात रिकामी पिशवी घेतली, कुणी भेटलं तर बाजाराला चालले म्हणून सांगता यावं. वळणावर शेजारची शेवंताकाकी भेटलीच. तिनं विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, भाजी आणायला चालले. बाजार तर उलट्या दिशेला. काकी गेल्यावर वयनी एवढी हसली की तिला कठड्याला धरून उभं राहावं लागलं. मग खाली उतरून काठावरचा भाजीचा कोवळा टाकळा खुडला आणि माझ्या पिशवीत भरला. म्हणाली, "घे. आता तू खोटी नाय."

त्यानंतर मी गेले नाही. मला लाज वाटली होती. तर ती दुसऱ्या दिवसापासून खिळ्यावरची माझी पिशवीच घेऊन जायला लागली. जाताना स्वयंपाकघरात डोकावून सांगायची, "तू येणंस नाय तर नाय. तुझी पिशवी तरी फिरवून आणतंय." येताना तीत काहीतरी असायचंच. कधी टाकळा, कधी चार उंडे, कधी नुसतं चाफ्याचं फूल.

वयनीच्या बाराव्यानंतर उंड्या दारात बसून कण्हायचा. भावोजींचे गुडघे धरलेले, माझे मिस्टर कामाला. मग मीच त्याला घेऊन निघाले. पहिल्या दिवशी खाली मान घालून. चार दिवसांनी मान वर झाली. पाण्यावरून वारा येतो तो मला ठाऊकच नव्हता. एक निळा पक्षी रोज त्याच दांडीवर बसतो. चालता चालता माझ्या मनात काहीच नसतं, घर नाही, भांडी नाहीत... आणि घरी येताना मला बरं वाटलेलं असतं. याचंच मला भय वाटतं. वयनी गेली म्हणून मला हे मिळालं.

त्यात लोक माझं कौतुक करतात. शेवंताकाकी परवा वाटेत म्हणाली, जावेच्या मागे तिच्या कुत्र्याचं एवढं कोण करतं, तुला पुण्य लागेल. ते कौतुक घरी आणताना मला भाजीच्या खोट्या पिशवीसारखं वाटलं, पण आता त्यात खरं काही भरायला वयनी नाही.

काल भावोजींनी मला बोलावलं. त्यांची बहीण पेडण्याला असते, तिच्या बागायतीत राखणीला कुत्रा हवा आहे. ते म्हणाले, "तुका रोजचो त्रास. रविवारी उंड्याक थंय पोचवतंय."

बरं म्हणायची माझी सवय. ते ओठांवर आलंही होतं. उंड्या गेला की नदीवर जायला मला निमित्त राहणार नव्हतं, आणि निमित्ताशिवाय मी जाणार नव्हते. खाली बघतच म्हटलं, "त्रास नाय भावोजी. माका आवडता थंय."

बोलून बसले आणि वाटलं, ज्या माणसाची बायको त्या बाकावर गेली, त्याला मी नदीकाठ आवडतो म्हणून सांगितलं. वयनीनं इतकी वर्षं विचारलं तेव्हा हे तीन शब्द तिला सांगता आले नाहीत.

भावोजी भिंतीला धरून उठले, खिळ्यावरची पिशवी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मग जा. काळोख पडात."

साखळीला अजून कुणी हात लावला नव्हता. पिशवी दिसली तसा उंड्या उठून पायरीवर जाऊन उभा राहिला.