चौकावरचं छप्पर आणि लाइटबिल

“बेन, लाइटनो भाव हुं नक्की करुं छुं?”

जयंतीभाईंनी भाडेकराराची फाइल माझ्यापुढे सरकवली. विजेचा भाव काय मी ठरवतो, असं ते विचारत होते. उत्तर ‘नाही’ असंच होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून तर विचारत होते.

जयंतीभाई सुरतच्या रिंगरोडवरच्या एका कापड मार्केटचे मालक. मी त्यांच्या मार्केटचा खर्च बघणारी कॉस्ट अकाउंटंट. मूळची धुळ्याची, लग्न होऊन सुरतेत आलेली. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा त्या इमारतीत एका मजल्यावर इतक्या साड्या असत की रंग मोजायला बसलं तर जेवायची वेळ टळावी.

मार्केटमधल्या दुकानदाराला भाड्याशिवाय आणखी एक रक्कम भरावी लागते. झाडलोट, वॉचमन, लिफ्ट, पॅसेजमधले दिवे, इमारतीचा विमा, महापालिकेचा टॅक्स, हा सगळ्यांचा मिळून होणारा खर्च. आम्ही त्याला ऑपरेटिंग कॉस्ट म्हणतो, दुकानदार मेंटेनन्स म्हणतात. दुकानाच्या आकाराप्रमाणे तो वाटला जातो. मालक हात सैल सोडेल आणि बिल आपल्या गळ्यात येईल, ही भीती दुकानदाराला असतेच. म्हणून भाडेकरारात एक अट घातली होती. कंट्रोलेबल, म्हणजे मालकाच्या हातातला खर्च, वर्षाला पाच टक्क्यांहून जास्त वाढला तर वरचा भार मालकाचा. हाताबाहेरचा खर्च मात्र जसा येईल तसा दुकानदारांनी भरायचा.

अट उत्तम होती. फक्त कंट्रोलेबल कशाला म्हणायचं, ते करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंचे वकील हुशार. शब्द मोकळा राहिला तर आपल्याच कामाला येईल, असं दोघांनाही वाटलं असणार.

आणि त्या वर्षी पॅसेज नि लिफ्टचं लाइटबिल जवळपास दुप्पट झालं. जयंतीभाईंनी ते हाताबाहेरच्या खर्चात टाकून सगळ्यांना वाटायला काढलं. माझी सही तेवढी राहिली होती.

“भाव वाढला, बिल वाढलं. यात बघायचं काय?” ते म्हणाले.

“तेच बघते,” मी म्हटलं आणि फाइल उचलली.

केबिनबाहेर भास्कर पाटील उभा होता. सुरतेतल्याच लिंबायत भागात राहणारा, बरीच वर्षं लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, मजुरीत काढलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी हिंमत करून त्यानं दुसऱ्या मजल्यावर साड्यांचं छोटंसं दुकान भाड्यानं घेतलं होतं. खानदेशातले किरकोळ व्यापारी त्याच्याकडे माल घ्यायला यायचे. मी धुळ्याची आहे हे कळल्यापासून तो माझ्याशी अहिराणीतच बोलायचा.

“ताई, भाडाना पैसा मी कसाबसा काढस. आते हाई मेंटेनन्स कोठून भरू? दिवाळीलगून नही भरं ते दुकान जाई. परत लूमवर जानं पडी.”

करारात तसंच होतं. दिवाळीपर्यंत मेंटेनन्स भरला नाही तर दुकान खाली करायचं. भास्करचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला कुतूहल वाटलं. माझ्या घरचं लाइटबिल काही दुप्पट झालेलं नव्हतं. मग मार्केटचंच का?

आधी जुनी-नवी बिलं शेजारी ठेवली. भाव थोडाच वाढला होता, वाढले होते ते युनिट. म्हणजे वीज महागली नव्हती, जास्त जळत होती. कुठे? इलेक्ट्रिशियनला घेऊन सगळी इमारत फिरले. नवीन मशीन नव्हतं. कुणी चोरून तार ओढली असेल म्हणावं तर तसंही काही सापडलं नाही. इलेक्ट्रिशियन वैतागला. “मॅडम, बिल आया है तो भर दो ना,” म्हणाला. मला उलट मजा यायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी भास्करच्या दुकानासमोर पॅसेजमध्ये एक स्टूल टाकून बसले. इमारत मधोमध पोकळ होती. तळाशी चौक, चारही बाजूंनी पॅसेज आणि पॅसेजला लागून दुकानं. पूर्वी चौक वरून उघडा होता. गेल्या पावसाळ्याच्या आधी त्यावर लोखंडी पत्र्याचं छप्पर चढलं. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि आत मात्र एकूण एक ट्यूबलाइट पेटलेली. मी एका पॅसेजचं बटण बंद करून बघितलं. तीन दुकानांतून एकदम ओरडा झाला. बटण चालू केलं आणि गपचूप येऊन बसले.

एवढ्यात भास्करच्या दुकानातून एक व्यापारी साडी घेऊन बाहेर आला. लिफ्टपाशी गेला, खाली उतरला. थोड्या वेळानं तीच साडी घेऊन परत वर. मग शेजारच्या दुकानातला गेला. मग समोरचा. लिफ्टला उसंत नव्हती.

“हे कुठे जातात रे सगळे?” मी भास्करला विचारलं.

“रस्तावर, ताई. ट्यूबलाइटमा रंग खरा दिखत नही. गिऱ्हाईक उजाडामा देखस, मंगच माल घेस.”

“आणि आधी?”

“आधी आठेच, कठडाजोडे उभा राहीसन देखेत.”

कठड्यापाशी, चौकातल्या उजेडात. कापडाच्या धंद्यातला जुना रिवाज आहे हा. दिव्याखाली बघून साडी कुणी घेत नाही, ती दिवसाच्या उजेडात धरून बघायची. छप्पर चढलं आणि मार्केटमधला उजेडच गेला. दिवे दिवसभर जळायला लागले आणि प्रत्येक सौद्यामागे लिफ्टची एक फेरी वाढली.

हे जयंतीभाईंना केबिनमध्ये सांगितलं असतं तर त्यांनी हसून चहा मागवला असता. म्हणून मी त्यांना भास्करच्या दुकानात घेऊन आले. ते स्वतः साड्या विकून मोठे झालेले. भास्करनं दोन साड्या पुढे ठेवल्या, एक मोरपंखी आणि एक रामा. दोन्ही निळ्या-हिरव्याच्या मधल्या.

“यातली रामा कोणती?” मी विचारलं.

जयंतीभाईंनी दोन्ही साड्या उचलल्या, दुकानाबाहेर आले आणि सरळ लिफ्टकडे चालू लागले. बटणही दाबलं.

“कुठे निघालात?”

“नीचे. अजवाळामां जोवुं पडे ने.”

उजेडात बघायला नको का, असं म्हणाले आणि तिथेच थबकले. लिफ्ट आली, दार उघडलं. ते आत गेले नाहीत.

पण माणूस पक्का व्यापारी. लगेच सावरले. “छापरुं एमणे ज मांग्युं हतुं. पावसाचं पाणी गठ्ठ्यांवर पडतं म्हणून सगळे छप्पर मागायला माझ्याकडे आले होते. हा पाटील सगळ्यात पुढे होता. मग हा खर्च माझ्या हातातला कसा?”

मी भास्करकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. खरं होतं ते. मी वर छपराकडे बघत राहिले. काळाकुट्ट पत्रा, कुठे एक फट नाही.

“पत्रे कुणी निवडले?” मी विचारलं.

“मी.”

“दुसरे मिळत नव्हते?”

“फायबरचे मिळत होते, उजेड येणारे. महाग होते.”

“म्हणजे त्यांनी छप्पर मागितलं. अंधार तुम्ही निवडलात.”

जयंतीभाई साड्या भास्करच्या हातात देत म्हणाले, “बेन, तुम्ही वकील व्हायला हवं होतं.”

त्यातूनच माझी व्याख्या तयार झाली. खर्चाचं नाव बघायचं नाही. तो आकडा कुणाच्या निर्णयानं हलतो, ते बघायचं. घरात दुधाचा भाव आपण ठरवत नाही, पण किती लिटर घ्यायचं ते ठरवतो. तसंच विजेचंही. दरवाढ हाताबाहेरची, मालकाच्या निर्णयानं वाढलेले युनिट हातातले. टॅक्स हाताबाहेरचा. झाडलोट, वॉचमन, लिफ्टचं सर्व्हिसिंग हातातलं.

त्या वर्षी दरवाढीपुरता भाग दुकानदारांनी भरला. युनिटचा, पाच टक्क्यांच्या वरचा, जयंतीभाईंच्या अंगावर आला. त्यांनी महिनाभरात एकाआड एक पत्रा काढून फायबरचा बसवला. भास्करनं दिवाळीच्या आत मेंटेनन्स भरला. त्याचं दुकान राहिलं, आणि मी पावती फाडताना मनातून भलतीच खूश होते.

ही व्याख्या घातलेला नवा करार दुकानदारांच्या मीटिंगमध्ये मीच वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सह्या सुरू होणार तेवढ्यात जयंतीभाईंनी हात वर केला.

“एक राहिलं, बेन. हिशेब बघायची तुमची फी पण मेंटेनन्समध्येच जाते ना?”

“हो.”

“ती कोण ठरवतं?”

“तुम्ही.”

“मग कंट्रोलेबल. लिहा.”

सगळं मार्केट हसलं. टाळी पहिली भास्करची होती. मी मुकाट्यानं लिहिलं, आणि तो करार चालू होता तोवर माझी फी एकदाही पाच टक्क्यांहून जास्त वाढली नाही.