अडीच फेरे

शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात मिस्त्रींची चाळीस वर्षं गेली, पण "माझं चुकलं" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. सुई मोडली तर कापड जाड, शिवण उसवली तर दोरा हलका. हातात कसब मात्र पुरेपूर. उगाच नाही माळ्यावर धूळ खात पडलेला घरातला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांनी दोन महिने राबून उभा केला. जळके व्हॉल्व्ह बदलले, लाकडाला पॉलिश केलं, बटण फिरवताच काटा आणि स्टेशन दोन्ही सरकवणारा कुजका दोरा काढून नवा बसवला.

हा सगळा खटाटोप थोरल्या बहिणीसाठी. आई गेल्यावर ताईनंच त्यांना वाढवलं. आता तिची नजर गेली होती, आणि हल्ली ती विसरायलाही लागली होती. गोळी घेतली का, हे चारचारदा विचारायची आणि मग स्वतःच घाबरून गप्प बसायची.

रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत दोघं थांबली. मग तो जुना भरदार आवाज खोलीभर पसरला आणि ताईचा चेहरा असा खुलला, की मिस्त्रींच्या मेहनतीचं चीज झालं.

"सरक, गाण्यांचं स्टेशन मी लावते," ती म्हणाली. "बटण डावीकडे टोकाला न्यायचं, मग उजवीकडे अडीच फेरे."

फिरवलं. नुसती खरखर. पुन्हा फिरवलं. खरखरच. तिनं हात मांडीवर ठेवला.

"हेही गेलं रे डोक्यातून."

ते स्टेशन मिस्त्रींनी काट्याकडे बघून सकाळीच लावलं होतं. मग घोडं पेंड खातंय कुठं? त्यांनी बटण डावीकडे फिरवलं. काटा उजवीकडे निघाला. दोरा उलटा गुंडाळला होता! काटा बघणाऱ्याला पत्ताही लागला नसता. 'जुनी वस्तू, चालायचंच,' म्हणून सहज सुटता आलं असतं.

"ताई, तुझं बरोबर आहे. माझं चुकलं."

ताईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मिस्त्रींनी रेडिओ बंद केला, मागचं झाकण उघडलं, दोरा सोडवून पुन्हा गुंडाळला. अर्धा तास ती जागची हलली नाही.

डावीकडे टोक. उजवीकडे एक, दोन, अर्धा. गाणं!

ताई बटण घट्ट धरून बसली. डोळे वाहत होते.

"मघाशी काय म्हणालास?"

"माझं चुकलं."

"परत म्हण."

चाळीस वर्षांत कुणापुढे न म्हटलेलं ते वाक्य त्या दुपारी मिस्त्रींनी ती मागेल तितक्या वेळा म्हटलं.