जोडावरची चिंधी

“सरकार येतंय, पर थांबत न्हाय. कंपनी थांबती, पर येत न्हाय.” इंटरनेटचा विषय निघाला की मामा एवढंच म्हणायचे आणि कानामागची विडी काढून पुन्हा कानामागंच ठेवायचे. ती ओढताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. खांबावरच्या गुंत्यातली कुठली वायर कुणाच्या घरात जाते, हे त्यालाच ठाऊक असतं. गगनबावड्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथं मी ऑनलाइन दाखले काढून देतो. मामा मूळचे मुरगूडचे. हयातभर त्यांनी सरकारी टेलिफोनच्या तारा जोडल्या, आणि निवृत्त झाल्यावर एका खासगी कंपनीत फायबर जोडायला लागले. कंपनीची लाइन घाटातल्या हॉटेलांसाठी होती. आमच्याकडं गिऱ्हाईक कमी, म्हणून ती गावाबाहेरूनच पुढं गेली. सरकारी लाइन मात्र ग्रामपंचायतीपर्यंत आली होती. माझं दुकान तिच्यावरच चालायचं.

मामांची एक खोड होती. जोड झाला की त्याच्या पेटीला मामींच्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायची. हे कशाला, असं मी विचारलं.

“उद्या बिघडलं तर हाक कुणाला मारायची, कळाय नको व्हय?”

एका पावसाळ्यात रस्ता रुंद करणाऱ्या सरकारी ठेकेदाराच्या जेसीबीनं सरकारचीच लाइन तोडली. तक्रार केली तर उत्तर आलं, माणूस नाही, पंधरा दिवस लागतील. शेजारच्या सुनीताच्या नर्सिंग प्रवेशाला दोन दिवस उरले होते आणि तिचा दाखला अडकला होता. मी मामांना फोन केला. कंपनीचं फायबर जोडायचं मशीन सरकारी तारेला लावलं तर त्यांची नोकरी जाईल, हे मला माहीत होतं. तरी केला.

मामा आले. खड्ड्यात छत्री रोवून तासभर बसले. “बघ, लागलं का,” एवढंच म्हणाले. सुनीताचा फॉर्म त्याच दुपारी गेला.

खड्डा बुजवायला कुणी आलंच नाही. आठवड्यानं कंपनीचा साहेब त्या रस्त्यानं गेला आणि त्याला चिंधी दिसली. तसल्या चिंध्या त्यानं कंपनीच्या कितीतरी पेट्यांवर पाहिल्या होत्या. मामांचं काम सुटलं.

मी मुरगूडला जाऊन त्यांच्या पाया पडलो. म्हटलं, “मामा, तेवढी चिंधी बांधली नसती तर?”

“बिनचिंधीचा जोड मी कवा केलाय?” मामा हसले. मला मात्र हसू येईना.

मामा मागच्या वर्षी गेले. यंदा लाइन पुन्हा बंद पडली, तेव्हा सरकारी माणूस आला. आता कंपनीलाही गावात यायचं आहे, म्हणून तिचाही आला. दोघांनी वाकून पेटी उघडली. बिघाड तिथं नव्हता, पुढं कुठंतरी होता.

“ह्यो जोड आमचा न्हाय,” सरकारी माणूस म्हणाला.

“आमचा बी न्हाय,” कंपनीचा म्हणाला. “मग कुणाचा?”

मी मामांचं नाव सांगितलं. सरकारी माणसानं पेटी बंद केली, आणि सुटलेली चिंधी कंपनीच्या माणसानं पुन्हा बांधली.